सूर्याच्या वादळांची वही

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. पाणी किती फुटांवर आलं? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की इशारा आणि ४३ झाले की धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरींनाही पाठ असतं. २०१९ च्या महापुरात निवारा केंद्रांवर आम्ही काही जणी जेवण वाटायला जात होतो. तिथल्या बायका ताट हातात घ्यायच्या आधी बंधाऱ्याचा आकडा विचारायच्या. राधानगरीचे दरवाजे किती उघडले, कधी उघडले, यावरून पाणी आपल्या गल्लीत कधी शिरेल याचा हिशोब त्या बोटांवर मांडायच्या. आणि तो बऱ्यापैकी बरोबर यायचा!

मला तेव्हापासून एक प्रश्न पडला होता. हे ३९ आणि ४३ आपण इतक्या विश्वासानं म्हणतो, पण ते आकडे आले कुठून? कुणीतरी वर्षानुवर्षं नदीकाठी उभं राहून पातळी लिहून ठेवली म्हणूनच ना? पूर नसतानाही लिहिली, कुणी विचारत नसतानाही लिहिली. त्या माणसाचं नाव कुणाला ठाऊक असतं?

त्यानंतर एकदा आमच्या महिला मंडळाची सहल अलिबागला गेली. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी लागते. ओहोटीला वेळ होता म्हणून आम्ही गावात फिरत होतो. फिरता फिरता चुंबकीय वेधशाळा दिसली. आमच्यातल्या एका काकींनी विचारलं, की इथं लोहचुंबक विकत मिळतात काय गं? सगळ्या हसलो. पण खरं सांगायचं तर आत काय चालतं ते आमच्यापैकी एकीलाही सांगता आलं नाही. ही वेधशाळा १९०४ सालची. शंभर वर्षांहून जास्त काळ इथं काय मोजतात, हे काही माझ्या डोक्यातून जाईना. घरी आल्यावर वाचायला घेतलं आणि एका माणसाचं नाव सापडलं. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस. आपल्याला मूस म्हटलं की सोनाराची मूस आठवते. पण पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या लोकांना हे नाव चांगलं माहीत आहे. आज त्यांचीच गोष्ट सांगते.

गोष्ट सुरू होते १८५९ साली, मूस यांच्या जन्माच्या थोडी आधी. मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ साली वेधशाळा बांधली होती. आपले दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ तिचं काम पाहिलं होतं. १८४१ पासून तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते ती पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक आहे म्हणून, हे आपण शाळेत शिकलो. पण हा चुंबक सदैव सारखा नसतो. त्याचा जोर दिवसभरात किंचित कमी-जास्त होत असतो. तो मोजायला एक चुंबक बारीक धाग्यानं टांगून ठेवायचा आणि तो केसभर हलला तरी दुर्बिणीतून पाहून आकडा वहीत लिहायचा. हे काम तेव्हा डोळ्यांनी चालायचं, तासातासाला.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या खगोल अभ्यासकाला सूर्यावरच्या डागांजवळ डोळे दिपवणारा प्रकाश चमकलेला दिसला. त्यानंतर साडेसतरा तासांच्या आसपास पृथ्वीवर हलकल्लोळ माजला. तारायंत्रं आपोआप चालू लागली, काही ठिकाणी ठिणग्या उडाल्या. एरवी ध्रुवाजवळ दिसणारा रंगीत प्रकाश पार क्यूबापर्यंत दिसला. त्या दिवशी, २ सप्टेंबरला, कुलाब्यातले निरीक्षक आपल्या जागेवर होते. टांगलेला चुंबक भलताच हलतोय हे बघून त्यांनी तासाऐवजी दर पंधरा मिनिटांनी, कधी पाच मिनिटांनी आकडे लिहिले. हे कशामुळे होतंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण त्यांनी हातातली वही सोडली नाही.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २९ ऑक्टोबर १८५९ रोजी, मुंबईतल्या पारशी घरात नानाभाईंचा जन्म झाला. पुढे ज्या वहीशी त्यांचं आयुष्य बांधलं जाणार होतं, तिचं सर्वांत मोठं पान त्यांच्या जन्माआधीच लिहून झालं होतं.

नानाभाई पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकले, मग स्कॉटलंडला एडिंबरा विद्यापीठात जाऊन विज्ञानाची पदवी घेऊन आले. त्या काळात हिंदी माणसानं सरकारी वेधशाळेचा प्रमुख होणं ही सोपी गोष्ट नव्हती. तिथं साहेबच असायचा. पण १८९६ साली कुलाबा वेधशाळेची सूत्रं मूस यांच्याकडे आली. या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. तेव्हा ते सदतीस वर्षांचेही नव्हते किंवा नुकतेच झाले होते. हवामान, भूकंप, चुंबकत्व असं सगळंच त्यांच्याकडे होतं.

आणि चार-पाच वर्षांतच एक मोठं संकट उभं राहिलं. संकट कसलं, तर ट्रामचं!

मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. १९०० च्या सुमाराला त्या विजेवर चालवायचं ठरलं. लोकांना आनंदच झाला असणार. घोड्यांचे हाल संपणार, प्रवास झटपट होणार. पण विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परत फिरतो, आणि जिथं वीज वाहते तिथं तिचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं. म्हणजे कुलाब्याचा चुंबक आता सूर्यामुळे हलतोय की कुलाब्याला निघालेल्या ट्राममुळे, हे कळायला मार्गच उरणार नव्हता. नदीची पातळी मोजायच्या पट्टीजवळच कुणी रोज म्हशी धुवायला उतरवल्या तर कसं व्हायचं, तसंच हे.

मग करायचं काय? ट्राम तर येणारच होती. वेधशाळा बंद करावी, तर जवळजवळ साठ वर्षं सलग चाललेली वही तुटणार होती. आणि सलग वहीचं महत्त्व आपल्यासारख्या बायकांना वेगळं सांगायला नको. घरखर्चाच्या वहीत मधली दोन वर्षं कोरी राहिली की पुढचा-मागचा मेळ बसतो का?

मूस यांनी वही वाचवली. त्यांनी जागा शोधली ती मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटरवर, खाडीपलीकडच्या अलिबागला. तिथं आगगाडी नव्हती, ट्रामची शक्यता नव्हती. इमारतीसाठी पोरबंदरहून दगड आणला. चुंबकाला ओढेल असं लोखंड बांधकामात येऊ नये याची काळजी घेतली. १९०४ साली अलिबागला मोजणी सुरू झाली.

यानंतर त्यांनी जे केलं ते मला सर्वांत आवडलं. अलिबाग सुरू झालं म्हणून त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. का? आमच्या सासूबाईंचं तांदूळ मोजायचं जुनं मापटं फुटलं तेव्हा मी नवीन आणलं, आणि महिनाभर भात कधी उरायचा, कधी पुरायचाच नाही. जुनं मापटं धड असतानाच दोन्हींनी मोजून पाहिलं असतं तर नव्याचा अंदाज आला असता. मूस यांनी तेच केलं. कुलाब्याचा आकडा इतका असतो तेव्हा अलिबागचा किती, हे दोन वर्षं ताडून पाहिलं. मगच १९०६ साली कुलाब्याची चुंबकीय मोजणी थांबवली. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा वही सुखरूप अलिबागला पोचली होती. एकही पान न फाटता.

पण वही नुसती सांभाळली म्हणून काम संपत नाही, ती वाचावीही लागते. मूस यांनी कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ अशा साठ वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या. ताशी एक नोंद धरली तरी साठ वर्षांचे तास होतात सव्वापाच लाखांच्या वर. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, कॅल्क्युलेटर नव्हता. बेरजा, सरासऱ्या, तक्ते, सगळं हातानं. हे काम १९१० साली दोन भागांत छापून आलं. आपल्याकडे शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचा ध्यास घेतला होता, तेच हे दिवस.

या ग्रंथात मूस यांनी चुंबकीय वादळांचा अभ्यास केला. एकेक वादळ सुटं पाहिलं तर ते वेडंवाकडं दिसतं. पण पुष्कळ वादळं एकावर एक ठेवून सरासरी काढली तर त्यांचा एक स्वभाव दिसतो. आधी चुंबकाचा जोर एकदम वाढतो, अगदी काही मिनिटांत. तो काही तास चढलेला राहतो. मग झपाट्यानं खाली येतो, नेहमीपेक्षाही खाली. आणि मग दोन-तीन दिवसांत हळूहळू पूर्वपदावर येतो. आजारपणात आधी अंगावर काटा येतो, मग ताप चढतो, मग सावकाश उतरतो, तसा हा क्रम. वादळाला असा क्रम असतो हे मूस यांनी मुंबईच्या नोंदींवरून मांडलं. पुढे सिडनी चॅपमन या इंग्रज शास्त्रज्ञानं जगातल्या इतर वेधशाळांच्या नोंदी घेऊन हाच धागा पुढे नेला.

मूस १९१९ साली निवृत्त झाले आणि १९३६ साली वारले. ही वादळं कोण आणतं याचं नेमकं उत्तर त्यांच्या हयातीत मिळालं नाही. सूर्याकडून विजेचा भार असलेल्या कणांचा वारा सतत वाहत असतो, असं अमेरिकेतल्या यूजीन पार्कर यांनी १९५८ साली मांडलं. त्याला सौरवारा म्हणतात. १९६२ साली शुक्राकडे निघालेल्या यानानं तो प्रत्यक्ष मोजला. सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर असा त्याचा वेग. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटर, म्हणजे वाऱ्याला इथं पोचायला चार दिवस लागतात. सूर्यावर मोठा स्फोट झाला तर मात्र लोंढा एका दिवसातही येतो.

आता आपल्या कोल्हापूरकर बायकांचा हिशोब आठवा. सूर्य म्हणजे आपलं राधानगरी. अलिबागचा चुंबक म्हणजे राजाराम बंधाऱ्यावरची पट्टी. दरवाजा उघडल्याचं दिसतं आणि पट्टीवर पाणी चढल्याचंही कळतं. पण मधल्या वाटेवर पाणी कुठवर आलं, हे कळलं तरच आधी सावध होता येईल. नदीकाठच्या गावातून कुणी फोन करावा, की आमच्याकडं पाणी चढलं बरं का, तसं अवकाशातून कोण कळवणार?

त्याची युक्ती आकाशातच सापडली. हवेमुळे चांदण्या लुकलुकतात हे आपण पाहतो. तसेच आकाशात दूरवर रेडिओ लहरी सोडणारे स्रोत आहेत. त्यांच्या लहरी सौरवाऱ्यातून येताना तशाच लुकलुकतात. केंब्रिजच्या अँटनी ह्यूइश यांच्या गटानं १९६४ साली ही लुकलुक ओळखली. ती मोजली की वारा किती दाट आहे, किती वेगानं येतोय याचा अंदाज येतो. १९६७ साली ह्यूइश यांच्या हाताखाली जोसेलिन बेल नावाची तरुण विद्यार्थिनी याच कामासाठी उभारलेल्या दुर्बिणीचे लांबच लांब कागदी आलेख डोळ्यांनी तपासत होती. त्यात तिला एक बारीकशी वेगळी खूण दिसली. तिनं ती सोडून दिली नाही आणि त्यातून पल्सार हे नव्या प्रकारचे तारे सापडले. नोबेल मात्र १९७४ साली ह्यूइश यांना मिळालं, तिला नाही. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आपल्या देशात उटीच्या डोंगरउतारावर १९७० साली मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहिली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी ती बांधली. ती ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. या दुर्बिणीनं वर्षानुवर्षं सौरवाऱ्याची ही लुकलुक टिपली. सूर्यापासून निघालेला लोंढा अर्ध्या वाटेत कुठे आहे, वेग वाढला की मंदावला, हे त्यातून समजू लागलं. तरी एक गोष्ट लुकलुक सांगत नाही. लोंढ्यातल्या चुंबकत्वाची दिशा कोणती? ती पृथ्वीच्या उलट असेल तर दार उघडतं आणि वादळ जोरात येतं. सरळ असेल तर बराच लोंढा बाजूनं निघून जातो. ही दिशा कळायला यानच लागतं. भारताचं आदित्य एल-१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालं, म्हणजे कुलाब्यातल्या त्या नोंदीच्या तारखेलाच! निगार शाजी या त्या मोहिमेच्या प्रकल्प संचालक. हे यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला आहे. तिथून नेहमीचा वारा इथं यायला तासभर लागतो. मोठ्या वादळात तर पंधरा-वीस मिनिटंच मिळतात.

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात अशाच वादळानं काही क्षणांत वीज गेली आणि ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. दवाखाने, पाण्याचे पंप, मोबाइल, बँकेचं मशीन, सगळं विजेवर आणि बरंचसं उपग्रहावर चालतं. आधी कळलं तर विजेचा भार कमी करता येतो, उपग्रह सांभाळता येतात. पुराच्या आधी धान्याची पोती माळ्यावर चढवतो ना, तसं.

आणि इथंच जुनी वही परत उघडावी लागते. वादळ मोठ्यात मोठं किती असू शकतं? भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखीना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर २००३ साली कुलाब्याच्या १८५९ च्या नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. आपल्याकडे पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा जोर साधारण ३८ हजार नॅनोटेस्ला असतो. त्या दिवशी तो सुमारे १६०० नं खाली आला होता. मे २०२४ मध्ये लडाखमध्ये आकाश लाल झालं, त्या वादळात जगाची सरासरी घसरण ४०० च्या आसपास होती. त्यावरून १८५९ चा दणका केवढा असेल याची कल्पना येते. तो दणका इतका स्पष्ट टिपलेली दुसरी नोंद उष्ण प्रदेशातून मिळत नाही. जगाच्या दृष्टीनं धोक्याची पातळी काय, हे ठरवताना मुंबईच्या त्या पानाकडे आजही पाहावं लागतं.

अलिबागची मोजणी अजून चालू आहे. आपल्या कोल्हापुरातही शिवाजी विद्यापीठाच्या आवारात याच संस्थेनं रडार बसवून जमिनीपासून ७० ते १०० किलोमीटर उंचीवरचे वारे वर्षानुवर्षं मोजले. आपण त्या रस्त्यानं कितीदा जातो, पण आत काय चालतं हे विचारलेलं नसतं.

माझ्या बचत गटातल्या एक वहिनी रोजच्या नोंदींना कंटाळतात. काहीच घडलं नाही तर लिहायचं काय, असं त्यांचं म्हणणं. परवा त्यांना मी मूस यांची गोष्ट सांगितली. ज्या दिवशी काही घडत नाही, त्या दिवसाची नोंद असेल तरच घडलेला दिवस ओळखू येतो. वहिनींनी मान डोलावली, वही पुढे ओढली आणि तारीख घालून लिहिलं, आज काही नाही.